बैगा आईला कुणी विचारलं?

"बैगा आधीच मूठभर उरलेत, त्यांच्या बायकांची नसबंदी कशाला करता?" बालाघाट जिल्ह्यात, बैहर-परसवाड्याकडे, हा सवाल शिकलीसवरलेली माणसंही करतात, आणि कळकळीनं करतात. म्हणूनच त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

1979 साली मध्य प्रदेश सरकारनं नेमका हाच विचार करून बैगांसारख्या आदिम जमातींच्या नसबंदीवर बंदी घातली. त्याच्या दोन-तीन वर्षं आधी, आणीबाणीत, हीच यंत्रणा माणसं धरून आणून नसबंदी करत होती. आधी जबरदस्ती, मग मनाई. जिच्या पोटी मूल वाढायचं, तिला दोन्ही वेळा कुणी विचारलं नाही.

जमात वाचवायची, हे कबूल. पण 2011 च्या जनगणनेत मध्य प्रदेशातले बैगा चार लाखांवर होते. त्यांना मूठभर म्हणता येत नाही. बैगा पाड्यावर जीव जातात ते मलेरियानं, कुपोषणानं, बाळंतपणात अडलेली बाई वेळेत दवाखान्यात न पोचल्यानं. अंगावर पिणारं मूल असताना पुन्हा दिवस गेले की दोन्ही लेकरांचे हाल होतात आणि आई रक्तक्षयानं खंगते. मुलं जगवायची सोडून ती जन्माला घालण्याची सक्ती करणं हे कसलं रक्षण?

दुसरा आक्षेप असा की जंगलातल्या अडाणी बाईला यातलं काय कळणार? बाजाराच्या दिवशी बैहरला जाऊन बघा. कपाळावर गोदणं, पाठीशी फडक्यात बांधलेलं पोर, पुढ्यात मोहफुलांची टोपली, आणि व्यापाऱ्यानं तराजू जरा झुकवला की हात धरणारी बाई. तिला घरात किती तोंडं पोसवतील हे कळत नाही? बंदीविरुद्ध, मध्य प्रदेशातून वेगळ्या झालेल्या छत्तीसगडच्या उच्च न्यायालयात गेलेल्यांत बैगा स्त्री-पुरुषच होते, आणि 2018 मध्ये तो आदेश तिथं रद्द झाला. मुंबईत र. धों. कर्व्यांनी 1921 मध्ये संततिनियमनाचं केंद्र काढलं, तेव्हाही बायकांना हे कळू नये असं वाटणारे सभ्य गृहस्थ कमी नव्हते. कर्व्यांना त्यापायी प्राध्यापकी गमवावी लागली.

तिसरी शंका मात्र खरी आहे. नोव्हेंबर 2014 मध्ये बिलासपूरजवळच्या शिबिरात एका डॉक्टरनं काही तासांत 83 बायकांच्या शस्त्रक्रिया उरकल्या, आणि त्यातल्या कितीतरी दगावल्या. त्याच सुमारास गौरेल्याच्या शिबिरात बैगा बायकाही होत्या. मोकळीक दिली की उद्दिष्ट पुरं करायला गरीब बाईलाच गाडीत कोंबतील, ही भीती रास्तच आहे. पण तिच्यावरचा इलाज शिबिरं आणि उद्दिष्टं बंद करणं हा आहे. बाईचा हक्क काढून घेऊन उद्दिष्टांची घाई थांबत नाही.

हजार पुरुषांमागे 1021 स्त्रिया म्हणून 2011 पासून आपला बालाघाट जिल्हा मिरवतो. मग बैहर, बिरसा, परसवाड्याच्या आरोग्य केंद्रांत बैगा आईला तिच्या बोलीत समजावणारी बाई रोज बसू द्या. गोळ्या, तांबी, नसबंदी, यातलं काहीच नको असेल तर तेही, सगळं तिच्यापुढे मांडा. नियमात नवऱ्याची संमती लागत नाही, तेव्हा ती मागू नका. आणि बाळंतपणासाठी बोलावलेली गाडी पावसाळ्यातही पाड्यापर्यंत पोचेल असा रस्ता करा.