औषध शाळेत, आजार पाण्यात

व्हिक्टोरिया सरोवरात रात्री दिवे लावून बारीक चंदेरी मासळी पकडतात. केनियात तिला ओमेना म्हणतात, युगांडात मुकेने, टांझानियात डागा. सकाळी होड्या किनाऱ्याला लागतात. मग त्या ओढणे, मासळी उतरवणे, जाळी धुणे हे सारे मांडीभर पाण्यात उभे राहून दिवस चढेपर्यंत चालते. ऊन तापू लागले की त्याच उथळ पाण्यातल्या गोगलगायी शिस्टोसोमा या परजीवीच्या अळ्या पाण्यात सोडतात. अळीसाठी अंगावर जखम असावी लागत नाही की पाणी पोटात जावे लागत नाही; धडधाकट कातडीतून ती काही मिनिटांत आत शिरते. पुढे नर-मादीची जोडी आतड्यालगतच्या रक्तवाहिन्यांत वर्षानुवर्षे मुक्काम ठोकते. तिची अंडी यकृतात अडकतात, यकृत निबर होते, पोटात पाणी साचते आणि काहींना रक्ताच्या उलट्या होतात. बिल्हार्झिया या जुन्या नावानेही ओळखला जाणारा हा रोग मच्छीमाराच्या बाबतीत सरळसरळ धंद्याचा रोग आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२१मध्ये २५ कोटींहून अधिक लोकांना यावरील प्रतिबंधक औषधाची गरज होती. त्यांतले किमान नव्वद टक्के आफ्रिकेत. प्राझिक्वांटेल हे औषध १९७०च्या दशकापासून माहीत आहे आणि ते स्वस्त आहे. मर्क कंपनी दरवर्षी २५ कोटींपर्यंत गोळ्या मोफत देते, पण मुख्यतः शाळकरी मुलांसाठी. मुलांना लागण जास्त होते आणि शाळेत ती एकत्र सापडतात, त्यामुळे त्यात चूक काढण्यासारखे काही नाही. मात्र मुलांचा बाप, काका आणि पंधराव्या वर्षीच शाळा सोडून होडीवर गेलेला भाऊ या हजेरीपटात कधीच येत नाहीत. मासळी सरकेल तसे हे लोक एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्याला जातात, आणि गोळ्या वाटणारा दुपारी येतो तेव्हा रात्रभर जागलेला माणूस झोपलेला असतो. दोन वर्षांवरील सर्वांना औषध द्या, असे संघटनेने लागण जास्त असलेल्या वस्त्यांसाठी २०२२मध्ये सांगितले खरे. पण कागदावरची शिफारस होडीपर्यंत आपोआप पोहोचत नसते.

मग ‘जनजागृती’ पुढे केली जाते. पाण्यात उतरू नका, पाण्यात शौचास बसू नका! पहिला उपदेश मच्छीमाराला करणे ही निव्वळ थट्टा आहे. दुसरा बरोबर आहे, कारण विष्ठेतली अंडी पाण्यात गेल्याशिवाय गोगलगायींना लागण होत नाही. पण रेताड किंवा खडकाळ किनाऱ्यावर शौचखड्डा एकतर ढासळतो, नाहीतर खणताच येत नाही, आणि होडीवर तर सोयच नसते. औषध घेऊनही पुन्हा आजार होतो, ही मच्छीमारांची तक्रारही अडाणीपणाची नाही. प्राझिक्वांटेल कोवळ्या कृमींना मारत नाही आणि उद्याची लागण रोखत नाही. तरीही वरचेवर उपचार वाया जात नाहीत. केनियातल्या किसुमूत सरोवराच्या पाण्यात उभे राहून मोटारी धुणाऱ्या मजुरांवर संशोधकांनी पुन:पुन्हा उपचार केले, तेव्हा त्यांतल्या काहींना नव्याने लागण व्हायला दरवेळी जास्त काळ लागू लागला. २००२मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष मच्छीमारांना कोणी समजावून सांगितला असता, तर ती खरी जागृती ठरली असती.

औषध आणि शौचालय होडीपर्यंतच न्यायला हवे, हे चीनने ओळखले. यांग्त्से खोऱ्यातल्या सरोवरांवरचे कोळी आणि मालवाहू होड्यांवरचे खलाशी याच कुळातल्या कृमीने गांजलेले होते. १ मे २००६पासून लागू झालेल्या चिनी नियमावलीने होड्या थांबतात तिथेच औषधवाटप, सार्वजनिक शौचालये आणि होड्यांवर विष्ठा साठवण्याची भांडी ही जबाबदारी स्थानिक सरकारवर टाकली. तिथली सत्ता आणि तिचा धाक वेगळा, हे मान्य; पण शौचालय बांधायला हुकूमशाही लागत नाही.

आणि हे दुखणे परक्यांचे म्हणून मराठी वाचकाने पान उलटू नये. गुहागर तालुक्यातल्या गिमवी गावात डॉ. गाडगीळ आणि डॉ. शाह यांनी १९५२मध्ये या रोगाच्या मूत्रमार्गी प्रकाराची नोंद केली होती.

पुन्हा व्हिक्टोरिया सरोवराकडे वळू. १९९०च्या दशकाच्या अखेरीस युरोपने तिथल्या नाइल पर्च माशाची आयात रोखली, तेव्हा मासळीच्या स्वच्छतेसाठी तिन्ही देशांची सरकारे धावली. माणसांसाठी एवढी धावपळ दिसत नाही. यंत्रणा तर तयारच आहे. निदान केनिया आणि टांझानियात मासळी उतरवण्याच्या ठिकाणी किनारा व्यवस्थापन समित्या आहेत, आणि होड्या व त्यांवरची माणसे यांची नोंद ठेवणे हे त्यांचेच काम. गोळ्या या समित्यांच्या हाती द्याव्यात आणि मासळीवर आकारल्या जाणाऱ्या शुल्कातला ठरावीक वाटा धक्क्यावरच्या शौचालयासाठी बांधून द्यावा. वाटपाचा दिवस निवडायला तर समितीही नेमावी लागणार नाही. पौर्णिमेच्या आसपास चांदण्यात दिव्याला मासळी येत नाही, होड्या किनाऱ्यावरच असतात आणि माणसे रात्री झोपून सकाळी जागी असतात.