आग रामेश्वरी, बंब नाकावरी!

होस्टेलच्या प्रत्येक विंगमध्ये एक तरी 'रोडरोलर' असतोच. रात्रभर घोरतो, सकाळी सगळ्यांच्या शिव्या खातो. आजकाल या रोडरोलरच्या नाकावर एक पट्टी दिसते, नाहीतर नाकपुड्यांत सिलिकॉनची छोटी क्लिप. मेडिकलवाला प्रिस्क्रिप्शन मागत नाही, रूममेट खूश, विषय संपला. माझं म्हणणं असं, की काही जणांच्या बाबतीत तो तिथे अजिबात संपत नाही. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं, संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं!)

पट्टी बोगस नाही हे आधीच सांगते. तिच्यात प्लॅस्टिकच्या स्प्रिंगसारख्या दोन काड्या असतात. त्या सरळ व्हायला बघतात आणि नाकाच्या बाजू बाहेर ओढतात. नाकपुडीच्या थोडं आत श्वासमार्गाची सगळ्यात अरुंद जागा असते, ती रुंदावते. एफएमच्या पेपरात पॉयझ्वीचा नियम लिहिलेल्यांना आठवेल, प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. त्रिज्या १० टक्के वाढली तर प्रवाह ४६ टक्के जास्त! नाक म्हणजे काही सरळ पाइप नाही, तेव्हा आकडा तंतोतंत लागू नाही, पण फरक पडतो. सर्दीने किंवा नाकाच्या वाकड्या पडद्याने घोरणाऱ्याला पट्टीने बरं वाटू शकतं.

पण स्लीप ॲप्नियाची गोष्ट वेगळी. तिथे अडतं ते घशात. झोपेत स्नायू सैल पडतात, जीभ आणि मऊ टाळू मागे जातात आणि घशाची मऊ नळी मिटते. मस्तानी ओढताना कागदी स्ट्रॉ चपटी होते ना, तसंच. श्वास दहा सेकंद किंवा जास्त थांबतो, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून जागा होतो. असं तासाला पाचपेक्षा कमी वेळा झालं तर सहसा नॉर्मल, ३० च्या वर गेलं तर गंभीर. नाक चोंदलं की घशातली ओढ वाढते, म्हणून पट्टीची थोडी मदत होईलही. पण नुसत्या पट्टीने हा आकडा फारसा खाली येत नाही असंच अभ्यासांत दिसलंय. काही चाचण्यांत तर हीच पट्टी प्लासिबो म्हणून वापरली गेली!

मला भीती वेगळीच वाटते. पट्टीने आवाज कमी होतो, श्वास थांबणं तसंच राहतं. म्हणजे फायर अलार्मची वायर कापून निवांत झोपायचं.

हा जाड्या काकांचा आजार, असं म्हणू नका. जबडा लहान असेल तर बारीक माणसालाही होतो. मुंबईच्या हिंदुजा हॉस्पिटलचे डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध केला. त्यात १९.५ टक्के जणांचा श्वास झोपेत अडत होता आणि ७.५ टक्के जणांना दिवसा पेंग येण्यासकट पूर्ण आजार होता. आपला मेस स्टाफ, रात्रपाळीचे वॉचमनकाका, बसचे ड्रायव्हरकाका याच वयातले. फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईत गेले, तेव्हा डॉक्टरांनी स्लीप ॲप्नियाचंच नाव घेतलं होतं.

खरा उपाय बऱ्याचदा सीपॅप. ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये तो मांडला, सुरुवातीची यंत्रं चक्क व्हॅक्युम क्लीनरच्या मोटरवर! हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवायचा, बस्स. प्रोजेक्टवाल्यांनो, ऐकताय ना? मास्क लावून झोपणं कुणाला आवडत नाही हे मान्य, पण नवीन मशीनचा आवाज आपल्या होस्टेलच्या पंख्याहून नक्कीच कमी.

आणि रूममेट मंडळी, या केसमधले साक्षीदार तुम्हीच. झोपलेल्याला स्वतःचं काहीच कळत नाही. घोरणं मध्येच एकदम बंद, शांतता, मग गुदमरल्यासारखा झटका, असं दिसलं तर त्याला विचारून मोबाइलवर दोन मिनिटं रेकॉर्ड करा. ग्रुपवर टाकायला नाही हं, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवायला. ते स्लीप स्टडी सांगतील, ती आता घरीही होते. तोवर त्याला कुशीवर झोपवा. पट्टी लावायची असेल तर खुशाल लावू दे.