आठवणार नाही, म्हणून?

‘तान्हेपणीच शस्त्रक्रिया उरकली की मुलाला काही आठवत नाही.’ जननेंद्रियाची घडण नेहमीसारखी नसलेलं, म्हणजे आंतरलिंगी, बाळ जन्मलं की हे वाक्य हमखास कानावर येतं. बारशाच्या आत मुलगा की मुलगी याचा निकाल लागला पाहिजे, ही खरी घाई.

या घाईला शास्त्राचा मुलामा दिला बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या जॉन मनी या मानसशास्त्रज्ञाने. लवकर शस्त्रक्रिया करा, तसं वाढवा, मूल तसंच होईल, असं त्याचं म्हणणं. पुरावा म्हणून त्याने कॅनडातला डेव्हिड रायमर पुढे केला. गंमत अशी की डेव्हिडला जन्मजात व्यंग नव्हतंच. १९६६ मध्ये सुंता करताना त्याचं शिश्न जळलं आणि त्याला मुलगी म्हणून वाढवलं गेलं. चौदाव्या वर्षी खरं कळताच तो मुलगा म्हणून जगू लागला. ही हकीकत वैद्यकीय नियतकालिकात आली १९९७ मध्ये. तोवर मनीच्या भरवशावर कितीतरी बाळांवर कात्री चालून गेली होती.

भारतात या विषयाला न्यायालयात वाचा फुटली ती तुतुकुडीच्या एका लग्नावरून. ट्रान्स स्त्रीच्या विवाहाची नोंदणी नाकारली गेली होती. २२ एप्रिल २०१९ च्या निकालात मद्रास उच्च न्यायालयाने ती करायला लावली, आणि आंतरलिंगी बाळांवरच्या अशा शस्त्रक्रियाही थांबवायला सांगितल्या. तमिळनाडू सरकारने त्याच वर्षी तसा आदेश काढला. जिवावर बेतलं तर अपवाद.

मग कुठल्याच बाळाला हात लावायचा नाही? असं म्हणणारेही तितकेच चुकतात. मुलाच्या मूत्रमार्गात जन्मतः पडदा असेल तर लघवी तुंबून मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. तिथे दुर्बिणीतून पडदा छेदायला मुहूर्त बघायचा नसतो. वृषण खाली आलेलं नसेल तर ‘उतरेल आपोआप’ हे आजीचं म्हणणं सहा महिन्यांपर्यंत ठीक. पुढे ते क्वचितच उतरतं. ६ ते १८ महिन्यांच्या दरम्यान ते खाली आणून बसवावं. उशिराने वंध्यत्वाचा आणि कर्करोगाचा धोका वाढतो.

आणि अधिवृक्क ग्रंथीच्या जन्मजात विकाराची मुलगी? शिश्निका मोठी दिसते, म्हणून सगळ्यांची नजर तिथेच. या विकाराच्या तीव्र प्रकारात जीव जातो तो मात्र शरीरातलं मीठ-पाणी निघून गेल्याने. तिला तातडीने लागतं हायड्रोकॉर्टिसोन, कात्री नव्हे. शिश्निका कापताना गेलेली संवेदना परत आणता येत नाही. आणि ती मुलगी स्वतः हो-नाही म्हणेपर्यंत थांबलं, तर त्या मोठ्या दिसण्याने ना लघवी तुंबते, ना मूत्रपिंडाला इजा होते.