गर्भपाताच्या कायद्याविषयी सार्वजनिक आरोग्य विभागास खुले पत्र

प्रति,
सार्वजनिक आरोग्य विभाग,
महाराष्ट्र शासन, मुंबई

महोदय,

२०११च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८४२ मुलीच नोंदल्या गेल्या. त्यामुळे तेथील मुक्ताईनगरसारख्या तालुक्यात गर्भलिंगनिदानावर करडी नजर हवी, याविषयी दुमत असू नये. मात्र १९९४च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याच्या धाकातून ‘गर्भपात हा गुन्हाच आहे’ असे सरसकट विधान रूढ झाले असून, आरोग्ययंत्रणेतील व्यक्ती जेव्हा ते उच्चारते तेव्हा माहितीपूर्ण संमतीचे, म्हणजे रुग्णापुढे खरे पर्याय ठेवून मगच तिचा होकार किंवा नकार घेण्याचे, नीतितत्त्व मोडले जाते.

भारतीय न्याय संहितेचे ८८वे कलम गर्भपात घडवून आणणे दंडनीय ठरवते, हे खरे. परंतु १९७१च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याने, ज्याची पायाभरणी महाराष्ट्राचेच तत्कालीन आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या समितीने केली, नोंदणीकृत डॉक्टरांना त्यातून संरक्षण दिले आहे. जिवाला धोका, शारीरिक वा मानसिक आरोग्याची हानी, निकामी ठरलेले गर्भनिरोधक अशा कारणांसाठी २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. बलात्कारपीडित, अल्पवयीन इत्यादी ठरावीक गटांना, दोन डॉक्टरांच्या मताने, २४ आठवड्यांची मुभा २०२१च्या दुरुस्तीने दिली, आणि सप्टेंबर २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अविवाहित स्त्रियांनाही लागू केली. ‘नवऱ्याची सही आणा’ ही अट तर कायद्यात कुठेच नाही. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी आहे, आणि तिचे नाव अनधिकृत व्यक्तीला कळवणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंतच्या कैदेची तरतूद आहे.

या कायद्यातील मर्यादा आठवड्यांत मोजली जात असल्याने खोट्या विधानाचे नुकसान मागाहून भरून निघत नाही. केळीच्या बागेत रोजंदारी करणारी स्त्री एकदा परत पाठवली गेली, की पुन्हा रोज बुडवून येईपर्यंत तिचा हक्क कदाचित संपलेला असतो, किंवा ती अप्रशिक्षित माणसाच्या हाती पडलेली असते. आणि हे सारे गर्भाचे लिंग जाणून घेण्याशी तिचा काडीचा संबंध नसताना घडते.

म्हणून विभागाने दोन्ही कायदे वेगवेगळे समजावणारे मराठी फलक प्रत्येक सरकारी रुग्णालयात लावावेत, आशा कार्यकर्त्यांना त्यांतील भेद शिकवावा, आणि ज्या स्त्रीला नकार दिला जाईल तिला त्याचे कारण त्याच दिवशी लेखी द्यावे, जेणेकरून मुदत उरलेली असतानाच तिला दुसरे रुग्णालय गाठता येईल.