जुना व्हिडिओ गेम भंगारात देऊ नका

चाळिशी ओलांडलेली चार माणसे एकत्र जमली आणि बोलणे लहानपणावर आले, की अलीकडे एक विषय हमखास निघतो. तो म्हणजे १९९० नंतरच्या दशकात टीव्हीला जोडून खेळायचे व्हिडिओ गेम! सामुराई, मीडिया, लिट्ल मास्टर ही नावे घेतली जातात. मारिओ आणि काँट्रा यांचे गोडवे गायले जातात. कॅसेटमध्ये फुंकर मारून गेम कसा सुरू करावा लागे, याचे साभिनय वर्णन होते. शेवटी निकालही ठरलेला असतो : आमच्या वेळचे खेळ ते खरे खेळ, हल्लीच्या मोबाइलवरच्या खेळांत काही राम नाही. शेजारी बसलेला नववीतला मुलगा हे निमूटपणे ऐकून घेतो. किंवा ऐकतही नाही, कारण तो मोबाइलवर खेळत असतो.

विद्यार्थी मित्रहो, हा निकाल तुम्ही जसाच्या तसा मान्य करू नये, असे मला वाटते. मी स्वतः त्याच पिढीतला आहे. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला, की दुपारी घराबाहेर पडण्याची सोय नसे. कूलरसमोर बसून खेळलेल्या त्या खेळांविषयी मलाही माया आहे. परंतु एखादी गोष्ट आवडणे निराळे आणि ती श्रेष्ठ असणे निराळे. तरीसुद्धा तुमच्या घरातील माळ्यावर असा एखादा जुना गेम पडून असेल, तर तो भंगारात देऊ नका, शाळेच्या प्रयोगशाळेला द्या, असे मी म्हणणार आहे. त्याचे कारण आठवणींशी नव्हे, पदार्थविज्ञानाशी संबंधित आहे.

प्रथम हे यंत्र काय होते ते पाहू. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने जुलै १९८३ मध्ये ‘फॅमिकॉम’ नावाचे खेळयंत्र बाजारात आणले. आपल्याकडे घरोघरी पोचले ते बव्हंशी त्याच्या नकला होत. त्याचा मुख्य प्रक्रियक सेकंदाला सुमारे १८ लाख ठोके घेई आणि कामचलाऊ स्मृती होती अवघी २०४८ बाइट. हा आकडा किती लहान आहे? देवनागरीतील एक अक्षरचिन्ह संगणकात साठवण्यास साधारणतः ३ बाइट लागतात. म्हणजे या लेखाचे पहिले दोन परिच्छेददेखील त्या स्मृतीत मावणार नाहीत. आजच्या ८ गिगाबाइट स्मृतीच्या मोबाइलशी तुलना केली, तर हे प्रमाण १ ला सुमारे ४२ लाख असे पडते. गुणाकार स्वतः करून पाहा.

एवढ्याशा स्मृतीत २५६ × २४० ठिपक्यांचे रंगीत चित्र कसे बसवायचे? प्रत्येक ठिपक्याची नोंद ठेवणे अशक्यच. म्हणून पडद्यावर ८ × ८ ठिपक्यांच्या फरशा बसवल्याची कल्पना करण्यात आली. आडव्या ३२ आणि उभ्या ३०, अशा ९६० फरशा. आणि यंत्राने लक्षात ठेवायचे ते एवढेच, की कोणत्या जागी कोणत्या क्रमांकाची फरशी आहे. मारिओच्या खेळातील आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपे यांचा आकार एकच आहे, फक्त रंग बदलला आहे. हे ज्याच्या ध्यानात आले त्याला फरशांची युक्ती अर्धी कळली. सगळा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ (१९८५) ४० किलोबाइटमध्ये बसवलेला आहे. मोबाइलने काढलेले एक छायाचित्र याच्या कितीतरी पट जागा खाते.

हलणाऱ्या आकृतींना वेगळी सोय होती, आणि तिलाही मर्यादा होती : पडद्याच्या एका आडव्या ओळीत अशा ८ आकृतिखंडांहून अधिक दाखवता येत नसत. काँट्रात शत्रू आणि गोळ्या एका रांगेत दाटल्या, की त्या लुकलुकू लागत ते याचमुळे. आज्ञावली लिहिणारे मुद्दामच पाळीपाळीने एकेक आकृती वगळत, म्हणजे कोणतीच कायमची नाहीशी होत नसे. यंत्राची मर्यादा अशी उघड्या डोळ्यांनी दिसावी, ही मला त्याची सर्वांत मोलाची बाजू वाटते.

आता या आठवणींतल्या काही गोष्टी तपासू. फुंकर मारल्याने कॅसेट चालू होते, ही सर्वांचीच श्रद्धा होती. पण फुंकर मारण्यासाठी कॅसेट बाहेर काढावी लागे आणि पुन्हा घट्ट बसवावी लागे. नुसती काढून बसवली आणि फुंकर मारलीच नाही, तर काय होते? हा प्रयोग करून पाहणारे मूल विरळाच. धातूच्या पट्ट्यांचा संपर्क नीट होत नसेल, तर काढून बसवण्याने तो सुधारतो. फुंकरेतील ओलाव्याने मात्र त्या पट्ट्या कालांतराने गंजतात. एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या, तर परिणाम कोणत्या गोष्टीचा हे सांगता येत नाही. हा नियम शिकवण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला वर्गात सापडलेले नाही.

‘९९९९९९ खेळ एकाच कॅसेटमध्ये’ या जाहिरातीचेही तसेच. त्यात मोजून काही खेळ असत आणि तेच ते थोड्या फरकाने पुन्हा पुन्हा येत. खेळ कठीण असत आणि म्हणून आम्ही चिकाटी शिकलो, असेही सांगितले जाते. त्यात तथ्य नाही असे नाही. परंतु काँट्रासारखे खेळ मुळात नाणे टाकून खेळायच्या यंत्रांसाठी बनलेले होते (काँट्रा १९८७ साली आला). खेळणारा जितका लवकर मरेल तितकी नाणी अधिक, हे त्या कठीणपणामागचे एक गणित होते. कठीणपणा इतका, की ‘ग्रेडियस’ हा खेळ १९८६ साली घरगुती यंत्रासाठी तयार करताना काझुहिसा हाशिमोतो या आज्ञावलीकारालाच तो तपासण्यापुरताही पुरा खेळता येईना; तेव्हा त्याने बटणांचा एक गुप्त क्रम त्यात घालून ठेवला. वर-वर-खाली-खाली अशी सुरुवात असलेला तो क्रम तुमच्या काकांना आजही पाठ असेल!

आणि एक महत्त्वाचे. ते यंत्र आम्हांला समजत होते, असे कोणी सांगू लागला तर विश्वास ठेवू नका. स्क्रू काढून डबा उघडला, तर आत हिरव्या पाटीवर डांबरासारखा एक काळा थेंब दिसे. सारे मंडल त्याखाली दडलेले. विचारायला कोणी नाही, वाचायला पुस्तक नाही. पुढे जगभरातील हौशी अभ्यासकांनी या यंत्राचा कण न् कण तपासला आणि माहिती सर्वांसाठी खुली केली. १९९५ सालच्या मुलाला जे कळू शकत नव्हते ते आज दहावीच्या विद्यार्थ्याला कळू शकते. तेव्हा या यंत्राचा खरा उपयोग आमच्या बालपणात झालाच नाही. तो आता, तुमच्या हातून होण्यासारखा आहे.

आजच्या खेळांना कमी लेखण्याचे कारण नाही. प्रकाशाचे परावर्तन, पाण्याच्या लाटा, वाऱ्यावर हलणारे कापड यांची गणिते सेकंदात कित्येक वेळा सोडवून ते पडद्यावर चित्र उभे करतात. शिवाय स्वतःचा खेळ बनवण्याची साधने आज फुकट मिळतात. आम्हांला फक्त खेळता येई. आजच्या खेळांवर माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. त्यांपैकी पुष्कळ खेळ संपूच नयेत अशा बेताने रचलेले असतात आणि मध्येच पैसे देऊन उघडायच्या ‘नशिबाच्या पेट्या’ पुढे करतात. बेल्जियमने २०१८ साली अशा पेट्यांना जुगार ठरवले. आपल्या संसदेनेही ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांविरुद्ध कायदा केला. नाणे खाणारे जुने यंत्र निदान समोर उभे राहून नाणे मागत असे.

आता प्रयोगशाळेकडे वळू. जुन्या गेमबरोबर पुष्कळदा प्लॅस्टिकची एक बंदूक मिळे आणि तिने पडद्यावरची बदके मारायची असत (‘डक हंट’, १९८४). लहान मुलांची समजूत अशी, की बंदुकीतून काहीतरी निघून पडद्यावर आदळते. घडते ते नेमके उलटे. बंदुकीतून काहीच निघत नाही. तिच्या नळीत एक भिंग व प्रकाश ओळखणारा एक घटक बसवलेला असतो. घोडा दाबताच पडदा क्षणभर पूर्ण काळा होतो आणि लगेच पुढच्या चित्रात बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. आपल्याकडील पद्धतीत सेकंदाला ५० चित्रे, म्हणजे एकेका चित्राला २० सहस्रांश सेकंद. डोळ्याला नुसती लुकलुक जाणवते. आधी अंधार आणि मग उजेड असा क्रम बंदुकीला दिसला, तर नेम लागला. बंदूक जळत्या दिव्याकडे रोखून फसवता येईल का? नाही, कारण दिवा त्या काळ्या क्षणी काळा होत नाही. किती सोपी आणि किती चतुर योजना!

हीच बंदूक आजच्या सपाट टीव्हीसमोर धरली तर नेम कधीच लागत नाही. का? जुन्या टीव्हीत काचेची ऋणकिरण नलिका असते. तिच्या मागच्या टोकातून निघालेले इलेक्ट्रॉन २० हजार व्होल्टच्या आसपास विद्युत्दाबाने पुढे खेचले जातात. तेव्हा त्यांचा वेग प्रकाशवेगाच्या पाव भागाहूनही थोडा अधिक होतो. वेटोळ्यांच्या चुंबकीय क्षेत्राने वळवलेला हा झोत पडद्यावरच्या लेपावर एकेक ओळ रेखत जातो. सेकंदाला साडेपंधरा हजारांहून अधिक ओळी. चित्र असे कधी अख्खे पडद्यावर नसतेच. झोत जिथे आहे तिथे लखलखाट, बाकी सारे विझत चाललेले. मूळ बंदुकीतील मंडल या ओळींच्या तालालाच प्रतिसाद देई. सपाट पडद्यात तो ताल नाही. शिवाय चित्र आत येऊन प्रक्रिया होऊन दिसेपर्यंत थोडा उशीर होतो आणि तोवर यंत्राने ‘नेम चुकला’ असे ठरवलेले असते.

दहावीच्या पुस्तकातले चुंबकीय क्षेत्रातील प्रवाहावरचे बल, अकरावी-बारावीतला इलेक्ट्रॉनचा वेग हे सारे एका खेळण्यात आहे. आणि ते पाहण्यासाठी हवे ते साधन तुमच्याच खिशात आहे! मोबाइलवर सेकंदाला २४० चित्रे टिपणारी स्लो मोशनची सोय असेल तर जुन्या टीव्हीचे चित्रण करा. मोबाइलच्या एका चित्राच्या काळात झोत पडद्याचा सुमारे पाचवा भागच ओलांडतो (५० भागिले २४०). म्हणून उजळलेला एक पट्टा पडद्यावर सरकताना दिसेल. मग तेच सपाट टीव्हीवर करा आणि फरक वहीत नोंदवा.

पडद्यावरचे खेळ मुळात प्रयोगशाळेतूनच आले, हेही इथे सांगायला हवे. अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम या पदार्थवैज्ञानिकाने ऑक्टोबर १९५८ मध्ये, पाहुण्यांना नुसती उपकरणे पाहून कंटाळा येऊ नये म्हणून, ऑसिलोस्कोपच्या पाच इंची पडद्यावर टेनिसचा खेळ मांडला. चेंडूचा मार्ग काढणारा सदृश संगणक प्रक्षेप्याची तीच समीकरणे सोडवत होता, जी आपण अकरावीत शिकतो.

ऋणकिरण नलिकेचे उत्पादन जगात जवळजवळ थांबले आहे. वेटोळ्यांतील तांब्यासाठी भंगारात या नळ्या रोज फुटत आहेत, आणि त्यांच्या काचेत शिसे असल्यामुळे तेही घातकच. दहा वर्षांनी एखाद्या शिक्षकाला वर्गात चालता झोत दाखवावा वाटला, तर नळी मिळेल कोठून? प्रत्येक तालुक्याच्या एका तरी शाळेत असा एक संच, एक गेम आणि ती बंदूक जपून ठेवावी, असे माझे मत आहे. आमच्या नागपुरात १९९२ पासून असलेल्या रमण विज्ञान केंद्रातही असा कोपरा शोभून दिसेल. खर्च म्हणाल तर नाहीच. पालकसभेत एकदा विचारले तरी दोन-चार संच सहज निघतील. मात्र एक सूचना शिक्षकांनी काटेकोरपणे पाळावी : जुन्या टीव्हीचे मागचे झाकण विद्यार्थ्यांनी कदापि उघडू नये. कळ बंद केल्यावरही नळीत जीवघेणा विद्युत्भार शिल्लक राहू शकतो.

संच मिळालाच, तर एक कोडे सोडवून पाहा. त्या खेळात कधी कधी दोन बदके एकदम उडतात. बंदुकीला तर फक्त उजेड आणि अंधार एवढेच कळते. मग दोघांपैकी कोणत्या बदकाला नेम लागला हे यंत्र कसे ओळखते? घोडा दाबतानाचे स्लो मोशन चित्रण घ्या आणि पांढऱ्या चौकोनांकडे नीट पाहा. ते दोन्ही एकाच वेळी उमटतात का?