शाळेला सिस्टर हवी

जिल्हा परिषदेच्या शाळेत आरोग्य तपासणीचा दिवस असला की व्हरांड्यात रांग लागते. गाडीतून वजनकाटा उतरतो, डोळे तपासण्याचा तक्ता खिळ्याला अडकवला जातो, गुरुजी पावले मोजून सहा मीटरवर खडूची रेघ मारतात. रांग नेमकी तक्त्याशेजारूनच गेलेली असते. त्यामुळे दहाव्या नंबरच्या मुलाला आपली पाळी येईपर्यंत सगळ्या ओळी तोंडपाठ होतात. तो त्या घडाघडा म्हणतो, कार्डावर ‘दृष्टी सामान्य’ अशी नोंद होते आणि फळ्यावरचे न दिसणारा हा मुलगा वर्षभर शेजारच्याच्या वहीतून उतरवून घेत राहतो. रांग तक्त्यापासून लांब लावायची, एक डोळा तळहाताने झाकायचा पण दाबायचा नाही, अक्षरओळख नसलेल्याला ‘ई’ची तोंडे कुठे वळली आहेत ते हाताने दाखवायला सांगायचे, एवढेच तर करायचे असते. याला यंत्र लागत नाही, की निधी. कुणीतरी हाताला धरून शिकवलेले मात्र असावे लागते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झाला, तोही आपल्याच पालघरमधून. जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंतची मुले, तीस प्रकारची व्यंगे व आजार, आणि दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका, एक औषधनिर्माता असे फिरते पथक ही त्याची रचना. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. या पथकांमुळे हृदयाला छिद्र असलेली कितीतरी मुले शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचली, हे मान्य करायलाच हवे. पण पथक दुपारी पुढच्या गावाला निघते आणि मुलाच्या हातात उरते ती चिठ्ठी. उपजिल्हा रुग्णालयात दाखवा, असे तीवर लिहिलेले असते. बीडच्या एखाद्या वाडीतले आईबाप दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागले असतील, तर चिठ्ठी दप्तरातच राहते आणि घरी असते फक्त आजी. तिला वाचता येत नाही.

हे दुखणे नवे नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी न्यूयॉर्कच्या शाळांत डॉक्टर मुले तपासत आणि खरूज, उवा, डोळे आलेल्यांना घरी पाठवून देत. घरी कुणी उपचार करत नसे, मूल रस्त्यावर हुंदडत राही. ऑक्टोबर १९०२ मध्ये लीना रॉजर्स या परिचारिकेला चार शाळांत प्रयोग म्हणून नेमले. तिने किरकोळ दुखण्यांवर शाळेतच मलमपट्टी केली आणि संध्याकाळी घरोघर जाऊन आयांना समजावले. सप्टेंबर १९०२ मध्ये घरी पाठवलेल्यांची संख्या दहा हजारांवर होती. वर्षाने, अशा परिचारिका वाढल्यावर, ती अकराशेवर आली. डॉक्टर तर आधीही होतेच. आपल्याकडे बडोदा शहरात १९०९ मध्ये शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी झाली, ती देशातली पहिली मानली जाते. रेणुका राय समितीने १९६० च्या सुमारास शालेय आरोग्याचा अख्खा आराखडा मांडला. आराखड्यांची आपल्याला कधीच वानवा नव्हती.

आता दुसरी वाट काढली गेली आहे. आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात २०२० पासून प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना, शक्यतो एक पुरुष व एक महिला, ‘आरोग्यदूत’ नेमायचे ठरले. त्यांनी अकरा विषयांवर आठवड्याला तास घ्यायचा. कल्पना वाईट नाही. पण शिक्षकाच्या पाठीवर निवडणूक, जनगणना आणि खिचडीचा हिशेब आधीच आहे. त्याला काही दिवस पंचायत समितीच्या सभागृहात पडद्यावरच्या चित्रफिती दाखवून दूत करता येते, सिस्टर करता येत नाही. शिवाय नववी-दहावीच्या विज्ञानात प्रजननाचा धडा आला की ‘हा घरी वाचा’ म्हणणारे शिक्षक आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत. आरोग्य शिकवणे हीसुद्धा एक विद्या आहे. मुलीच्या पहिल्या पाळीबद्दल कोणत्या शब्दांत बोलायचे, लैंगिक छळाबद्दल मूल पहिल्यांदा तोंड उघडते तेव्हा उलटतपासणी न घेता ऐकायचे कसे आणि पॉक्सोच्या १९ व्या कलमानुसार लगेच कुणाला कळवायचे, हे सराव केल्याशिवाय जमत नाही.

आणि सराव म्हणजे काय? लोहाच्या निळ्या गोळीचा दिवस घ्या. उपाशीपोटी गोळी घेतलेली एक मुलगी ओकते. तिला पाहून दुसरीच्या पोटात ढवळते, मग वर्गातल्या दहा जणी पोट धरून बसतात. कुणीतरी १०८ ला फोन करतो, पालक फाटकाशी जमतात, मोबाइलवर चित्रीकरण सुरू होते. पुढच्या वर्षी गावातले निम्मे पालक गोळी नको म्हणतात. तयार सिस्टर गोळी खिचडीनंतरच देईल. ओकणाऱ्या मुलीला सावलीत आडवे करील, बाकीच्यांना वर्गात पाठवील आणि फाटकाशी स्वतः जाऊन उभी राहील. फिट आलेल्या मुलाला चप्पल हुंगवायची नाही, कांदाही नाही, दातांत चमचा घालायचा नाही. कुशीवर वळवायचे, घड्याळ पाहायचे, पाच मिनिटांवर गेले तर दवाखाना गाठायचा. सतत पाणी मागणारा, तासाला लघवीला जाणारा मुलगा कामचुकार असेलच असे नाही, त्याला टाइप वन मधुमेहही असू शकतो. मधुमेही म्हणून माहीत असलेला मुलगा मधल्या सुट्टीआधी घामाघूम होऊन थरथरू लागला, तर त्याला आधी साखर द्यायची. नंदुरबार, गडचिरोलीत सिकलसेलचे मूल कवायतीला बसून राहिले तर त्याला उन्हात उभे करायचे नसते, हे तिथल्या शाळेइतके दुसरीकडे कुठे कळायला हवे?

बी.एस्सी. नर्सिंगच्या चार वर्षांत शालेय आरोग्याचा भाग आहे. विद्यार्थिनी शाळांत येतात, तक्ते दाखवतात, हात धुण्याचे प्रात्यक्षिक करतात, छायाचित्र काढून निघून जातात. शिकलेल्यांना पुढे शाळेत नोकरीच नाही. मुंबई-पुण्यातल्या लाखोंची फी घेणाऱ्या शाळांत मात्र आजारखोली आणि तिथली परिचारिका माहितीपत्रकात मिरवते. आमची मागणी प्रत्येक शाळेला एक अशी नाही. तेवढा पैसा नाही, हे आम्हालाही कळते. दहा-पंधरा शाळांचे जे ‘केंद्र’ आहे, त्या प्रत्येकाला एक कायम परिचारिका द्या. नेमणुकीआधी तिला काही महिने बालरोग विभाग, शाळा आणि वस्ती अशा तिन्ही ठिकाणी शिकवा, आणि दर वर्षी उजळणी घ्या. पथकाने दिलेल्या प्रत्येक चिठ्ठीची स्थळप्रत तिच्याकडे राहील आणि मूल रुग्णालयात पोहोचले की नाही, याचा जाब तिला विचारता येईल. (केंद्रप्रमुखांचीच पदे वर्षानुवर्षे रिकामी राहतात, तिथे हे नवे पद कोण भरणार, असे कुणी विचारले तर आमच्याकडे उत्तर नाही.) शाळा शिक्षण खात्याची, सिस्टर आरोग्य खात्याची, आश्रमशाळा आदिवासी विकासची; फाइल या तीन मेजांवरून फिरणार, हेही दिसतेच आहे.

म्हणून सुरुवात आश्रमशाळांपासून व्हावी. तिथल्या मृत्यूंचा शोध घ्यायला २०१६ मध्ये डॉ. सुभाष साळुंखे समिती नेमावी लागली होती. इतर शाळांतले मूल संध्याकाळी आईकडे जाते. इथले मूल तापाने फणफणले तर रात्री दोन वाजता अधीक्षकाचे दार ठोठावते. अधीक्षक शिकलेला असतो तो हजेरीपट आणि धान्याचा साठा सांभाळायला. त्याच्या खोलीत औषधपेटी असते, तिला कुलूप असते, आणि किल्ली बऱ्याचदा तालुक्याला राहणाऱ्या मुख्याध्यापकांकडे.