संचासमोर कोण बसलें होतें?

जुन्या दूरदर्शन-मालिकांचा विषय निघाला कीं प्रौढ मंडळींच्या मुद्रेवर एक प्रकारची तृप्ति दिसूं लागते. "तसे कार्यक्रम आतां होणें नाहीं," हें वाक्य तर ठरलेलेंच. या आठवणींचें मोल आम्हांस कमी वाटत नाहीं. परंतु त्या नीट पारखून पाहिल्या तर आपल्या घराविषयीं त्यांतून बरेंच कांहीं कळण्यासारखें आहे, म्हणून हा विषय या महिन्यांत वाचकांपुढें मांडीत आहों.

प्रथम आम्हां यवतमाळकरांचीच गोष्ट घेऊं. मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. पुढल्याच वर्षीं यवतमाळास ग. दि. माडगूळकरांच्या अध्यक्षतेखालीं मराठी साहित्यसंमेलन भरलें. मुंबई-पुण्याचे साहित्यिक येथवर आले. पण मुंबईच्या केंद्राचीं चित्रें येणें शक्य नव्हतें, कारण प्रक्षेपण-मनोऱ्याचा पल्ला थोडा आणि अंतर शेंकडों मैलांचें. त्यामुळें 'गजरा'मधील प्रहसनें, मुलांसाठीं असलेलें 'किलबिल', किंवा चिं. वि. जोशी यांच्या लेखनावरून झालेली 'चिमणराव' ही मालिका पाहण्याचें भाग्य तिकडील घरांचें. दिलीप प्रभावळकरांचे चिमणराव आणि बाळ कर्वे यांचे गुंड्याभाऊ तिकडे घरोघर ओळखीचे झाले, तेव्हां आमच्याकडे ते दोघे वाचनालयाच्या पुस्तकांतच राहत होते. सुटींत पुण्याहून आलेल्या मावसभावंडांनीं त्यांच्या लकबी करून दाखवाव्या आणि आम्हीं हसावें, एवढेंच आमच्या वाट्यास आलें.

पुढें ऑगस्ट १९८३ मध्यें इन्सॅट-१ बी हा उपग्रह आकाशांत गेला, आणि १९८४ सालीं देशांत ठिकठिकाणीं लहान शक्तीचीं प्रक्षेपण-केंद्रें झपाट्यानें उभीं राहिलीं. दिल्लीहून आलेला कार्यक्रम जसाच्या तसा पुढें पोंचवावा, हें त्यांचें काम. परिणाम असा कीं दूर जिल्ह्यांतील अनेक मराठी घरांत दूरदर्शन संच शिरला तो हिंदी बोलत बोलतच. मराठीची उपग्रहवाहिनी, जिला पुढें 'सह्याद्री' हें नांव मिळालें, ती सुरू होण्यास १९९४ साल उजाडलें.

मात्र जें आलें तें कसदार होतें, हें मान्य केलें पाहिजे. ७ जुलै १९८४ रोजीं सुरू झालेल्या 'हम लोग' मध्यें मनोहर श्याम जोशी यांनीं एका सामान्य कुटुंबाची ओढाताण रंगविली, आणि प्रत्येक भागाच्या शेवटीं अशोककुमार घरच्या वडीलधाऱ्यासारखे चार शब्द सांगून जात. १९८६ मधील 'बुनियाद'नें फाळणींत उखडलेल्या घराची कथा आमच्या माजघरांत आणली. 'ये जो है जिंदगी'नें हसविलें. मुलांना 'विक्रम और बेताल' मधील कोड्यांनीं आणि 'मालगुडी डेज' मधील स्वामीच्या खोड्यांनीं वेड लावलें. आणि २५ जानेवारी १९८७ पासून रविवारच्या सकाळीं 'रामायण' सुरू झालें, तेव्हां रस्ते ओस पडूं लागले.

या सर्वांची गोडी एवढी कां राहिली? कार्यक्रमांचा गुण हें एक कारण झालें. पण आमच्या मतें दुसरें कारण अधिक मोठें आहे. संच एक, कार्यक्रम एक, आणि वेळहि एकच. चुकलेला भाग पुन्हां मिळावयाचा नाहीं. एकानें गच्चीवर चढून अँटेना फिरवावा, खालून "आलं काय व?" असा प्रश्न जावा, आणि चित्र स्थिर झालें कीं आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांनीं तेंच पाहावें. बेतालाच्या कोड्याचें उत्तर मुलानें आधीं द्यावें आणि आजोबांनीं तें खोडावें. मालिका अर्ध्या तासाची. तिच्यावरील बोलणें आठवडाभर पुरे.

येथपर्यंत सारें गोड आहे. पण "सर्वांनीं मिळून पाहिलें" असें आपण म्हणतों, त्या 'सर्वां'त कोण कोण होतें? रविवारीं सकाळीं साडेनऊ म्हणजे स्वयंपाकाची ऐन वेळ. पाहुणे आणि शेजारी जमले कीं चहाची आधणें वाढत. ज्या घरांत संच नव्हता तेथलीं मुलें आणि भांडीं घासणाऱ्या बाई दाराशीं उभ्या राहून पाहत. त्यांना प्रत्येक घरानें "आंत येऊन बसा" म्हटलें, असें छातीठोकपणें सांगवत नाहीं.

२८ मार्च २०२० पासून, टाळेबंदीच्या दिवसांत, तेंच 'रामायण' दूरदर्शनवर पुन्हां दाखविण्यांत आलें. तेव्हां आमच्या परिचयांतील एक आजीबाई नातसुनेला म्हणाल्या, "अगं, सीतेचें हरण मीं आज पाहिलें. तेव्हां पोळ्या लाटतां लाटतां नुसतें ऐकलें होतें." नातसुनेनें तें हसत सांगितलें, आम्हांस मात्र हसूं आलें नाहीं. ज्या मालिकेच्या आठवणीनें घरांतील पुरुषांचा कंठ दाटून येतो, ती त्याच घरांतील गृहिणीनें भिंतीपलीकडून ऐकली होती, आणि तेहतीस वर्षांत तिला कोणीं विचारलेंहि नव्हतें.

आज अडचण नेमकी उलट आहे. हातोहातीं मोबाईल असल्यानें कोणाचा कोणताहि भाग चुकत नाहीं. पण एका छताखालीं चार जण चार निरनिराळ्या ठिकाणीं हसतात, आणि कानांनीं मंद झालेल्या आजी कोपऱ्यांत त्यांच्या तोंडाकडे पाहत बसतात. जुनी एकत्रता अपुरी होती. नवी सोय एकाकी आहे. तेव्हां दोहोंतील चांगलें तेवढें उचलण्यास काय हरकत आहे?

आमची सूचना साधी आहे. आठवड्यांतून एक सायंकाळ ठरवावी. त्या दिवशीं स्वयंपाक आधीं उरकावा, आणि तो सर्वांनीं हातभार लावून उरकावा. मग मोबाईल बाजूस ठेवून 'मालगुडी डेज'चा एखादा भाग लावावा. पुढची जागा आजीला द्यावी, आणि कामाच्या बाई घरांत असतील तर त्यांनाहि खुर्ची द्यावी.

आणखी एक. त्या काळीं चित्रफिती महाग असल्यानें जुना कार्यक्रम पुसून त्याच फितीवर नवा मुद्रित करण्याची चाल होती. पुष्कळसें त्यांतच नाहींसें झालें. तें आतां पाहणाऱ्यांच्या स्मरणांत उरलें आहे तेवढेंच. म्हणून कार्यक्रम संपल्यावर आजीला विचारावें, "तुला काय आठवतें?" तिनें पाहिलेलें सांगितलें तर तें लिहून ठेवावें, नुसतें ऐकलेलें सांगितलें, तर तें तर अवश्यच लिहून ठेवावें.